खूण, वस्तू आणि नोंद : आरएफआयडीची पुढची वाट

रेडिओ लहरींनी वस्तूवरची खूण दुरून वाचण्याच्या तंत्राला रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन, संक्षेपाने आरएफआयडी, म्हणतात. खूण म्हणजे टॅग. त्यात मोहरीच्या दाण्याहून लहान चिप आणि तिला जोडलेली धातूच्या पातळ थराची अँटेना, एवढेच असते. टॅग वाचणारे यंत्र म्हणजे रीडर. सर्वाधिक खपाच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या लहरीतूनच चिपला वीज मिळते आणि त्याच लहरीचे परावर्तन कमी-जास्त करून चिप आपला क्रमांक कळवते. आरशाचा कवडसा हलवून दूरच्या माणसाला इशारा करावा, तसा हा प्रकार आहे. उजेड सूर्याचा, हालचाल तेवढी आपली.

टोलनाक्यावरचा फास्टॅग, मेट्रोचे कार्ड, कचेरीच्या दाराला दाखवायचे ओळखपत्र, मॅरेथॉन धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकामागची पट्टी ही सगळी याच तंत्राची रूपे. तंत्र रुळल्यामुळे त्याच्या भवितव्याची चर्चा बहुधा टॅग किती लहान होईल, किती स्वस्त होईल आणि किती लांबून वाचता येईल या तीन प्रश्नांभोवती फिरते. हे प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. रीडर वस्तू वाचत नाही, टॅग वाचतो. टॅगमधला क्रमांक स्वतः फारसे काही सांगत नाही. तो कुठल्या तरी नोंदीकडे बोट दाखवतो. आणि ती नोंद पुष्कळदा कुणा माणसाविषयी असते. टॅग आणि वस्तू, क्रमांक आणि नोंद, नोंद आणि माणूस असे हे तीन सांधे आहेत. हे तंत्र आजवर जिथे अडखळले, तिथे बहुतेक वेळा यांपैकीच एखादा सांधा कच्चा होता. पुढची महत्त्वाची प्रगतीही याच तीन जागी व्हायची आहे.

उसन्या विजेची कल्पना

टॅगला स्वतःची वीज नको, ही कल्पना जुनी आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. लेव्ह तेरेमिन या संशोधकाने रचलेले एक उपकरण त्यात दडवलेले होते. त्याला ना बॅटरी होती ना तारा. बाहेरून रेडिओ लहर सोडली की ते जागे होई आणि खोलीतले बोलणे परतणाऱ्या लहरीवर चढे. १९५२ पर्यंत ते कुणाच्या हाती लागले नाही. या तंत्राचा एक पूर्वज हेरगिरीच्या घरातला आहे, हे पुढच्या चर्चेत लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेने संदेशवहन या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. कल्पना तयार होती, पण ती पेलणारे सुटे भाग नव्हते. ट्रान्झिस्टर नुकताच जन्मला होता आणि एकात्मिक मंडल, म्हणजे चिप, यायला आणखी दहा वर्षे होती. १९६० च्या दशकात दुकानांतली चोरी रोखणारे टॅग आले. त्यांच्यात एकाच बिटाची माहिती असे: पैसे भरले, की नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचे, तर चार्ल्स वॉल्टन यांना दार उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट मिळाले.

निर्णायक वळण १९९९ मध्ये आले. एमआयटीत स्थापन झालेल्या ऑटो-आयडी सेंटरमध्ये संजय सरमा, डेव्हिड ब्रॉक आणि केव्हिन ॲश्टन यांनी टॅगवरचे ओझेच कमी करायचे ठरवले. टॅगवर फक्त एक क्रमांक ठेवायचा आणि वस्तूची बाकी सगळी माहिती नेटवर्कवर ठेवायची. चिप जितकी अल्पाक्षरी तितकी ती लहान, आणि लहान तितकी स्वस्त. टॅगची किंमत पाच सेंटपर्यंत उतरवणे हे उद्दिष्ट होते. ९६ बिटांचा क्रमांक सर्वांत रूढ झाला. त्यातून ७९ या आकड्यावर सत्तावीस शून्ये द्यावीत इतके वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. बारकोड सहसा वस्तूचा प्रकार सांगतो, तर हा क्रमांक त्या प्रकारातला नेमका नग सांगतो. २००४ च्या अखेरीस जेन-२ हे मानक ठरले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅग व रीडर एकमेकांशी बोलू लागले.

मात्र त्याच काळात पहिला मोठा धडाही मिळाला. जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या पहिल्या शंभर पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोकी आणि पॅलेट यांवर टॅग लावण्यास सांगितले. टॅगचा खर्च पुरवठादाराचा आणि फायदा दुकानाचा, अशी विभागणी झाली. पाण्याच्या बाटल्या आणि धातूचे डबे यांच्यामागचे टॅग नीट वाचले जात नव्हते. मोहीम थंडावली. काही वर्षांनी तेच तंत्र कपड्यांच्या दुकानांत मात्र घट्ट रुजले, कारण कापड लहरींना अडवत नाही, एकाच शर्टाची अनेक मापे आणि रंग मोजण्याची गरज रोजची असते आणि नफ्यात टॅगची किंमत सहज सामावते. तंत्र तेच, चिपही जवळपास तीच. फरक पडला तो वस्तूच्या जातीमुळे आणि हिशेबाच्या वाटणीमुळे.

निसर्गाची मर्यादा

आरएफआयडीविषयीच्या पुष्कळ भाकितांची चूक अशी की ती भौतिकशास्त्र हिशेबात धरत नाहीत. या तंत्रात तीन वारंवारता पट्टे प्रामुख्याने वापरले जातात. १२५ ते १३४.२ किलोहर्ट्झचा पट्टा चुंबकीय क्षेत्रावर चालतो. तो फार लांबवर पोचत नाही, पण पाणी आणि मांस यांना जुमानत नाही. म्हणून जनावरांच्या कानातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांसाठी तोच निवडला गेला. युरोपीय संघाने मेंढ्या-शेळ्यांसाठी असे बिल्ले २०१० पासून, तर अमेरिकेने काही वर्गांतल्या गुरांसाठी नोव्हेंबर २०२४ पासून बंधनकारक केले. भारतातल्या पशुआधाराचा बारा अंकी पिवळा बिल्ला मात्र प्लॅस्टिकचा आणि बारकोडचा आहे. दुसरा पट्टा १३.५६ मेगाहर्ट्झचा. बँकेचे टॅप करायचे कार्ड, मेट्रोकार्ड, पासपोर्टची चिप आणि मोबाइलमधले एनएफसी याच पट्ट्यात काम करतात. तिसरा, ८६० ते ९६० मेगाहर्ट्झचा यूएचएफ पट्टा, कित्येक मीटर अंतरावरून आणि सेकंदाला शेकडो टॅग वाचू शकतो. भारताने त्यातला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा भाग २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. फास्टॅग याच पट्ट्यात बोलतो.

अंतर वाढले की लहरीची शक्ती झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झाले तर टॅगला मिळणारी शक्ती एक चतुर्थांश उरते, आणि तिथून परतून रीडरपर्यंत येणारा संदेश सोळाव्या हिश्श्यावर येतो. रीडरची ताकद कायद्याने मर्यादित आहे. त्यामुळे टॅगची पोच वाढवण्याचा मुख्य मार्ग चिपची भूक कमी करण्याचा. त्या दिशेने मोठी मजल मारली गेली आहे. जेन-२ च्या सुरुवातीच्या चिपला जागे व्हायला दहा मायक्रोवॅटच्या कित्येक पट शक्ती लागे. आजच्या उत्तम चिपला तीन-चार मायक्रोवॅट पुरतात. पण पोच दुप्पट करायला भूक चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते, हे गणित बदलत नाही. म्हणून यापुढचा सुधार हळू होईल. पोच वाढवण्यापेक्षा वाढलेली संवेदनक्षमता अँटेना लहान करण्यात खर्च होईल. करंगळीएवढ्या औषधाच्या कुपीवर किंवा लिपस्टिकच्या डबीवर टॅग बसतो, तो याच काटकसरीमुळे.

किमतीचेही तसेच आहे. घाऊक खरेदीत साधा यूएचएफ टॅग आज साधारण तीन-चार रुपयांना पडतो. २०२४ या एका वर्षात जगभर अशा पाच हजार कोटींहून अधिक चिप विकल्या गेल्या. संख्या प्रचंड असली तरी पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर चार रुपयांचा टॅग कुणी लावणार नाही. सिलिकॉनऐवजी लवचीक पातळ पडद्यावर मंडल छापणाऱ्या किंवा चिपशिवाय केवळ धातूच्या आकृतीने ओळख पटवणाऱ्या टॅगवर संशोधन चालू आहे. त्यांतून किंमत आणखी उतरेल. पण बारकोड छापायला जवळजवळ काहीच लागत नाही, या प्रतिस्पर्ध्याला किमतीत हरवणे शक्य नाही. आरएफआयडीने स्पर्धा करायची ती बारकोडला न जमणाऱ्या कामांत.

हवेतल्या लहरींवर जगणारे टॅग

अशा कामांपैकी एक म्हणजे सतत देखरेख. आजचा टॅग रीडरने हाक मारली तरच ओ देतो. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की दूरचित्रवाणी केंद्राच्या हवेत आधीच पसरलेल्या लहरींवर दोन लहान उपकरणे बॅटरीशिवाय आपसात बोलू शकतात. वेगळ्या रीडरने लहर सोडण्याची गरजच नाही. पुढे वायफाय आणि ब्लूटूथ यांच्या लहरी वापरून हेच साधले गेले. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने मानकांच्या रिलीज १९ या आवृत्तीत अशा अतिअल्प विजेच्या उपकरणांचा विचार ॲम्बियंट आयओटी या नावाने केला. हा प्रवाह फळाला आला तर आज मोबाइलसाठी उभे असलेले मनोरे उद्या गोदामातल्या खोक्यांचीही हजेरी घेतील.

दुसरी वाढ संवेदनाची आहे. टॅगची अँटेना आजूबाजूच्या ओलाव्याने किंवा तापमानाने किंचित बेसुरी होते. पूर्वी हा दोष मानला जाई. आता काही चिप स्वतःचा सूर पुन्हा जुळवतात आणि किती जुळवावा लागला तो आकडा रीडरला कळवतात. दोषच मोजमाप झाला. याच रीतीने भिंतीत मुरलेली ओल, तारेच्या सांध्यातली उष्णता किंवा लसीच्या खोक्यातले तापमान बॅटरीशिवाय कळू शकते.

तिसरा बदल रीडरच्या बाजूला आहे. यूएचएफ रीडर आजवर वेगळे, महाग यंत्र होते. २०२५ मध्ये क्वालकॉमने व्यावसायिक हातयंत्रांसाठी असा प्रोसेसर जाहीर केला ज्यात ही वाचनक्षमता अंगभूत आहे. उद्या ती सामान्य मोबाइलमध्ये उतरली, तर वाचण्याची सत्ता गोदामाच्या दारातून ग्राहकाच्या खिशात येईल. याचे परिणाम दुहेरी असतील. ग्राहक स्वतः वस्तूची खातरजमा करू शकेल, आणि कुणीही कुणाचीही पिशवी न उघडता चाळू शकेल.

पहिला सांधा : टॅग आणि वस्तू

टॅग ज्या वस्तूची ग्वाही देतो, तिच्यापासून तो सुटा झाला की सगळी ग्वाही खोटी ठरते. याचे सर्वांना परिचित उदाहरण फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो बंधनकारक झाला. हा टॅग काचेवरून सोलून काढला की निकामी व्हावा, अशी त्याची रचना असते. म्हणजे चिकटवण्याच्या क्षणी सांधा घट्ट होतो. पण तो मुळात चिकटवलाच नाही तर? काही वाहनचालक टॅग हातात धरून रीडरला दाखवू लागले. त्यामुळे एका वाहनाचा टॅग दुसऱ्या, मोठ्या वाहनाला वापरणे शक्य झाले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले. रेडिओच्या भाषेत या टॅगमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो स्वच्छ वाचला जात होता. बिघाड गोंदाच्या जागी होता.

आता अडसर नसलेल्या टोलनाक्यांकडे वाटचाल सुरू आहे. तिथे फास्टॅगसोबत नंबरप्लेट वाचणारा कॅमेराही असतो. अडसर असताना टॅग वाचला गेला नाही तर गाडी थांबते आणि माणूस भांडण मिटवतो. अडसर गेला की वादाचा निकाल नोंदीवरूनच लागणार, म्हणून एका साक्षीदारावर विसंबून चालत नाही. टॅग आणि कॅमेरा एकमेकांची साक्ष पडताळतात. यातून एक व्यापक दिशा दिसते: जिथे पैशाचा किंवा सुरक्षेचा प्रश्न आहे तिथे आरएफआयडी यापुढे एकटे काम करणार नाही.

सांधा घट्ट करण्याचे इतरही मार्ग आहेत. निर्यातीच्या कंटेनरवर कारखान्यातच लावायची आरएफआयडी सील भारतीय सीमाशुल्क विभागाने २०१७ मध्ये आणली. छेडछाडीला दाद न देणाऱ्या सीलमध्ये तिचा दांडा कापला की अँटेनाचा दुवाही तुटतो आणि टॅग मुका होतो. इथे टॅगचे मौन हीच साक्ष. न्हावा शेवा बंदरात २०१६ मध्ये सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या व्यवस्थेत आयात-निर्यातीच्या कंटेनरला टॅग लावून बंदराचे फाटक, टोलनाके आणि अंतर्देशीय डेपो इथे त्याची हजेरी नोंदवली जाते. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठीच्या रेल्वेच्या कवच प्रणालीत तर सांध्याची दिशाच उलटी आहे. तिथे टॅग रुळांमधल्या स्लीपरवर पक्का बसवलेला असतो आणि रीडर इंजिनाखाली धावतो. टॅग वस्तू ओळखत नाही, जागा ओळखतो. गाडी नेमकी कुठे आहे हे त्यावरून चालकाच्या यंत्रणेला कळते. जमिनीला खिळलेला टॅग कुणी हातात धरून दाखवू शकत नाही, आणि म्हणूनच प्राणांची जबाबदारी त्याच्यावर सोपवता येते.

उद्याचा टॅग वस्तूवर चिकटवलेला नसेल, वस्तूतच विणलेला, ओतलेला किंवा साच्यात बसवलेला असेल. टायर तयार होतानाच त्यात टॅग घालण्याची पद्धत सुरू झाली आहे. इस्पितळातील चादरी आणि गणवेश यांच्या शिवणीतले टॅग शेकडो धुलाया सोसतात. सांधा जितका वस्तूच्या जन्माशी जवळ, तितका तो भरवशाचा.

दुसरा सांधा : क्रमांक आणि नोंद

क्रमांक वाचला गेला तरी त्यामागची नोंद जुनी, चुकीची किंवा अप्राप्य असेल तर वाचन व्यर्थ. ऑटो-आयडी सेंटरच्या मूळ कल्पनेत सर्व माहिती नेटवर्कवर असणार होती. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीने आपापले कोठार बांधले आणि त्याला कुलूप घातले. परिणामी दुकानातून वस्तू बाहेर पडली की तिचा क्रमांक अनाथ होतो. दुरुस्ती करणारा, जुनी वस्तू घेणारा, भंगारवाला यांना तो काही सांगत नाही.

ही भिंत पाडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न युरोपीय संघाच्या डिजिटल उत्पादन पासपोर्टमधून होतो आहे. त्यासाठीचा चौकट कायदा जुलै २०२४ मध्ये अमलात आला. विद्युत वाहनांच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून असा पासपोर्ट लागेल. वस्त्रोद्योग अग्रक्रमाच्या गटांत आहे, त्यामुळे युरोपला माल धाडणाऱ्या भारतीय कापड व्यवसायालाही याची तयारी करावी लागणार. वस्तू कशाची बनली, कशी दुरुस्त करायची, तिचे पुढे काय करायचे ही माहिती वस्तूसोबत आयुष्यभर चालावी, हा हेतू आहे. बॅटरीसाठी क्यूआर कोड ठरला आहे. अन्य उत्पादनांत माहितीचा वाहक कोड असेल, टॅग असेल किंवा दोन्ही.

यातून क्यूआर आणि आरएफआयडी यांच्या नात्याचाही उलगडा होतो. १९७४ मध्ये ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. आता २०२७ अखेरपर्यंत दुकानांच्या गल्ल्यांवर चौकोनी द्विमितीय कोडही वाचता यावेत, असे उद्दिष्ट जीएस-१ या मानक संस्थेने ठेवले आहे. असा कोड एकेका नगाचा क्रमांकही वाहू शकतो. मग टॅग कशाला? उत्तर वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. एक ग्राहक एक वस्तू हातात घेऊन पाहणार असेल तर छापील कोड पुरतो. देवगड हापूसच्या फळावर २०२५ च्या हंगामापासून विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर लावण्याचा निर्णय तिथल्या उत्पादकांनी घेतला. बनावट देवगडला आळा घालण्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइलच पुरेसा आहे, आंब्यात चिप घालण्याचे कारण नाही. पण चारशे शर्टांचे खोके न उघडता मोजायचे असेल, किंवा टोपलीत ठेवलेले सगळे कपडे एका दमात हिशेबात घ्यायचे असतील, तर नजरेपुढे धरावा लागणारा कोड निरुपयोगी ठरतो. माणसासाठी कोड आणि यंत्रासाठी टॅग, आणि दोघांचेही बोट एकाच नोंदीकडे, अशी विभागणी होत जाणार.

म्हणूनच येत्या काळातली खरी चढाओढ चिप बनवणाऱ्यांत नसून नोंदी सांभाळणाऱ्यांत असेल. ज्याच्या कोठारात नोंद, त्याच्या हाती वस्तूच्या पुढच्या आयुष्याची किल्ली. ही कोठारे खुल्या मानकांनी बांधली नाहीत तर लहान उत्पादकाला प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकासाठी वेगळी व्यवस्था पोसावी लागेल. वॉलमार्टच्या पुरवठादारांची जुनी तक्रार नव्या रूपात परतेल.

तिसरा सांधा : नोंद आणि माणूस

२००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत टॅग बसवले जाणार अशी बातमी आली आणि ग्राहक हक्कांसाठी लढणाऱ्या एका अमेरिकी गटाने बहिष्काराची हाक दिली. कंपनीला माघार घ्यावी लागली. आक्षेप साधा होता: दुकानाबाहेर पडल्यावरही शर्ट बोलत राहिला तर तो कुणाशी बोलेल?

जेन-२ मानकात यावर किल नावाची आज्ञा आहे. ती दिली की टॅग कायमचा मरतो. पण मेलेला टॅग परताव्याला, दुरुस्तीला किंवा पुनर्वापराला कामाचा नाही. उत्पादन पासपोर्टची कल्पना आणि किल यांचा उघड विरोध आहे. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. टॅगने आपला क्रमांक अंशतः झाकावा, आपली पोच कमी करावी आणि अधिकार सिद्ध करणाऱ्या रीडरलाच पूर्ण उत्तर द्यावे, अशी सोय तीत आहे. चिपने गुप्तलेखनाच्या किल्लीने स्वतःचे खरेपण सिद्ध करावे, हीही तरतूद आहे. मात्र या सुविधा ऐच्छिक आहेत आणि त्यांना वीज व पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे स्वस्त टॅगमध्ये त्या क्वचितच असतात.

गुप्तलेखनात काटकसर आणि लपवाछपवी केली की काय होते, हे मायफेअर क्लासिक कार्डाच्या प्रकरणाने दाखवले. लंडनचे ऑयस्टर कार्ड आणि नेदरलँड्सचे प्रवासकार्ड या चिपवर चालत. तिची रीत गुप्त होती आणि किल्ली ४८ बिटांची. २००८ मध्ये नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी ती फोडली. उत्पादक कंपनीने प्रसिद्धी रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. डच न्यायालयाने प्रकाशनाला परवानगी दिली. जी रीत उघड झाल्यावर कोसळते ती सुरक्षित नसते, हा गुप्तलेखनाचा जुना नियम पुन्हा खरा ठरला.

याउलट चांगले उदाहरण ई-पासपोर्टचे. भारतात २००८ मध्ये राजनैतिक व अधिकृत पासपोर्टांपासून याचा प्रयोग झाला. पहिला ई-पासपोर्ट तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देण्यात आला. सर्वसामान्य नागरिकांसाठी एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक तत्त्वावर तो देणे सुरू झाले, त्यात नागपूरचे कार्यालयही होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पासपोर्टातल्या चिपला दोन कुलपे आहेत. पुस्तिका उघडून आतल्या पानावरच्या यंत्रवाच्य ओळी वाचल्याशिवाय चिप मजकूर देत नाही, कारण पहिली किल्ली त्या ओळींतूनच तयार होते. आणि चिपमधल्या मजकुरावर शासनाची डिजिटल सही असते, त्यामुळे त्यात फेरफार केल्यास तो उघडकीस येतो. धारकाने पुस्तिका उघडून देणे म्हणजे त्याची संमतीच. संमतीला असा भौतिक आकार देणे, हा आरएफआयडीच्या रचनेतला सर्वांत अनुकरणीय विचार आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. खिशातला मोबाइल आणि चौकातले कॅमेरे माणसाचा माग आधीच काढतात, मग टॅगचेच भय कशाला? आक्षेपात तथ्य आहे. साध्या टॅगची पोच काही मीटरची असते आणि नोंद हाती नसेल तर त्याचा क्रमांक निरर्थक असतो. पण मोबाइल घरी ठेवता येतो, कॅमेरा निदान दिसतो. कपड्यातला टॅग वाचला गेला याचा मागमूसही अंगावरच्या माणसाला लागत नाही. शिवाय क्रमांक निरर्थक असला तरी तो बदलत नाही. आज आणि उद्या तोच क्रमांक त्याच दारात दिसला, तर नाव माहीत नसतानाही माणूस ओळखला जातो. अमरनाथ यात्रेत २०२२ पासून यात्रेकरूंना आरएफआयडी कार्ड दिले जाते. डोंगरात हरवलेल्याला शोधण्यासाठी ते उपयोगी आहे, यात शंका नाही. हेच कार्ड यात्रा संपल्यावर नोंदीतून कधी पुसले जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. टॅगचा क्रमांक एखाद्या व्यक्तीशी जोडला गेला की त्या नोंदीकडेही वैयक्तिक माहिती म्हणूनच पाहिले पाहिजे. फास्टॅगच्या खात्यात साठणारी नोंद टोलची पावती असते, तशीच ती एका कुटुंबाच्या हालचालींची रोजनिशीही असते. पावती किती काळ ठेवायची आणि रोजनिशी कुणाला दाखवायची, हे ठरवताना तंत्रज्ञाचे मत पुरेसे नाही.

टॅगचा शेवट

एका गोष्टीकडे अजून कमी लक्ष गेले आहे. वर्षाला हजारो कोटी टॅग तयार होत असतील तर तेवढेच कधी ना कधी कचऱ्यात जाणार. एकेक टॅग काही मिलिग्रॅम धातूचा आणि कणभर सिलिकॉनचा, पण खोक्याच्या कागदाला चिकटलेला प्लॅस्टिकचा थर लगदा करताना अडथळा होतो. म्हणून अँटेना प्लॅस्टिकऐवजी थेट कागदावर घडवण्याची पद्धत वाढते आहे. पुढचा टप्पा पुनर्वापराचा. कपड्याच्या चोरीविरोधी कठीण टॅगमध्येच आरएफआयडी चिप बसवून तो गल्ल्यावर काढून घेतला, तर एकच चिप अनेकदा वापरता येते आणि ग्राहकासोबत बोलका टॅग घरीही जात नाही. काटकसर आणि खासगीपणा इथे एकाच उपायात साधतात.

निर्णयाआधीचे तीन प्रश्न

चिप आणखी अल्पाहारी होईल, रीडर मोबाइलमध्ये येईल आणि हवेतल्या लहरींवर टॅग जगू लागतील, एवढे चित्र स्पष्ट आहे. यांपैकी काहीही कुणा संस्थेला चांगल्या व्यवस्थेची हमी देत नाही. कचरा उचलण्यापासून ग्रंथालयापर्यंत आणि जनावरांपासून यात्रेकरूंपर्यंत आरएफआयडीच्या योजना यापुढे येतच राहतील. पालिका, विद्यापीठ, सहकारी संस्था किंवा देवस्थान, कुणीही अशी योजना हाती घेण्याआधी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. टॅग वस्तूपासून सुटला तर ते कसे कळेल? क्रमांकामागची नोंद कुणाच्या ताब्यात राहील आणि पुरवठादार बदलला तर ती आपल्याला मिळेल का? नोंद माणसाविषयी असेल तर ती त्याला केव्हा दाखवली जाईल आणि केव्हा पुसली जाईल? ज्या निविदेत ही उत्तरे असतील तिथे जुना, साधा टॅगही नेटके काम करील. जिथे ती नसतील तिथे सर्वांत प्रगत टॅग आणूनही हाती महागडे स्टिकर तेवढे उरेल.